उतरत्या पाण्याचे पाहुणे

महाराष्ट्रात हिवाळी पक्ष्यांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. खरिपाच्या पेरण्या आटोपून पिके गुडघ्याएवढी होतात न होतात, तोच तुतारी आणि चिखल्या जातीचे पहिले पक्षी उत्तरेकडून येऊन नद्यांच्या काठी उतरलेले असतात. तेव्हापासून मार्गशीर्षापर्यंत एकेक जात आपापल्या वेळेला येते. धोबी गणपतीच्या आगेमागे, थिरथिरा नवरात्राच्या सुमारास, पट्टकादंब दिवाळी उलटल्यावर, असा हा क्रम साधारणपणे ठरलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत दुर्बीण घेऊन तळ्यावर जाणाऱ्याला या साखळीचा मधला भाग तेवढा दिसतो. आधी येऊन गेलेले आणि अजून वाटेत असलेले पक्षी जमेस धरल्याशिवाय शरदातील स्थलांतराचे चित्र पुरे होत नाही.

कोठून येतात, का येतात

वर्तमानपत्रांत हिवाळी पाहुण्यांना सरसकट ‘सायबेरियन’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांची माहेरे अनेक आहेत. छोटा टिलवा आणि सोनचिखल्या ध्रुवप्रदेशाच्या टुंड्रात अंडी घालतात. चक्रवाक, पट्टकादंब आणि तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंच सरोवरांवर वाढतात. करड्या धोब्याची घरटी हिमालयातील ओढ्यांच्या काठी आणि त्याच्याही उत्तरेला असतात. भोरड्या कझाकस्तानपासून पूर्व युरोपापर्यंतच्या गवताळ प्रदेशातून येतात. भारतात उतरणारे बहुतेक पक्षी ज्या पट्ट्यातून येतात त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या मार्गात 30 देश येतात. स्थलांतर करणाऱ्या वन्यजीवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत 1983 पासून सदस्य आहे आणि या कराराची तेरावी परिषद फेब्रुवारी 2020 मध्ये गांधीनगरला झाली.

थंडीपेक्षा उपासमार हे स्थलांतराचे मोठे कारण आहे. पिसांचा कोट अंगावर असलेला पक्षी कडाक्याची थंडी सोसू शकतो, पण तळे गोठले, किडे नाहीसे झाले आणि दिवस आखडला की त्याचे पोट भरत नाही. निघण्याची खूण मात्र थंडीची नसते. उत्तरेतील दिवस लहान होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातील संप्रेरके बदलतात, भूक वाढते आणि कातडीखाली चरबी साठू लागते. हीच त्याची वाटेतली शिदोरी. वटवट्या, माशीमार, थिरथिरा असे लहान पक्षी बहुतेक रात्री उडतात. हवा थंड व स्थिर असते आणि शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते. गरुड, भोवत्या आणि करकोचे ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या हवेच्या झोतांवर तरंगत जातात, म्हणून ते दिवसा प्रवास करतात. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व या तिन्हींचा उपयोग पक्षी दिशा ओळखण्यासाठी करतात. चिखलात चरणाऱ्या कित्येक जातींत आईबाप आधी निघतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिले काही आठवड्यांनी, वाटाड्याशिवाय, तीच दिशा धरून येतात. काठावर ऑगस्टमध्ये बहुधा प्रौढ पक्षी आणि सप्टेंबरपासून कोवळ्या पिसाऱ्याचे पक्षी दिसतात, ते याचमुळे.

श्रावण-भाद्रपद: पहिली फळी

जुलैच्या अखेरीपासून साधी तुतारी आणि हिरवी तुतारी ओढ्यांवर, बंधाऱ्यांखाली आणि भातखाचरांच्या बांधांवर दिसू लागतात. शेपटीकडचा भाग सतत खालीवर हलवत चालणारी साधी तुतारी एकेकटी फिरते, त्यामुळे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. याच दिवसांत भोरड्यांचे पहिले थवे पोहोचतात. त्यांचे विणीचे दिवस मे-जूनमध्येच आटोपतात, म्हणून हिवाळी पाहुण्यांत त्याही सर्वांत लवकर येणाऱ्यांपैकी असतात आणि एप्रिलपर्यंत मुक्काम करतात.

ऑगस्टअखेर सह्याद्रीच्या ओढ्यांवर करडा धोबी उतरतो. पाठ करडी, पोट पिवळसर, शेपटी लांब. ओळखीसाठी पायात कडे घातलेला असा एक धोबी मुंबईतल्या एकाच बागेत दरवर्षी परत आल्याची नोंद आहे. हजारो किलोमीटरचा प्रवास करून एवढ्याशा जागेवर नेमके उतरणे हे अनेक स्थलांतरी पक्ष्यांचे वैशिष्ट्य आहे, आणि त्यातच त्यांची अडचणही आहे. ती जागा बुजवली गेली तर त्यांना जवळपास दुसरी शोधावी लागते.

सप्टेंबरमध्ये वटवट्यांची पाळी येते. ब्लाइथचा वटवट्या आणि हिरवट वटवट्या दिसायला अगदी साधे असतात, झाडोऱ्यात दडून राहतात आणि आवाजावरून अधिक ओळखू येतात. शहरातील सोसायटीच्या कुंपणातून सकाळी ‘चक् चक्’ ऐकू येऊ लागले की ब्लाइथचा वटवट्या आला असे समजण्यास हरकत नाही. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा लागतात त्याही याच सुमारास.

वाटसरू आणि परतणारे

शरदात दिसणारा प्रत्येक पक्षी हिवाळाभर राहायला आलेला नसतो. युरोपीय नीलपंख, ठिपकेदार माशीमार, लाल पाठीचा खाटिक आणि सामान्य कोकीळ या जाती आफ्रिकेकडे जाताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम भारतातून जातात. कच्छमध्ये त्या भरपूर दिसतात. महाराष्ट्रात त्यांची गाठ पडणे थोडे नशिबाचे असते. माळावरच्या तारेवर बसलेला नीलपंख स्थानिक आहे की युरोपीय, हे पाहण्यासाठी गळा आणि छाती पाहावी. स्थानिक नीलपंखाची छाती तपकिरी, रेघारेघांची असते. युरोपीय नीलपंखाचे डोके, गळा आणि पोट एकसारखे फिकट निळे असते.

काही पक्षी या दिवसांत महाराष्ट्रातून निघून जातात. पावसाच्या तोंडावर आलेला चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालून ऑक्टोबरपर्यंत बहुतेक ठिकाणांहून नाहीसा होतो. कोकणात आणि मध्य भारतातील जंगलांत पावसाळ्यात वीण करणारा नवरंग दक्षिणेकडे सरकतो. तो रात्री उडत असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या वस्तीत, इमारतींच्या काचांना धडकून किंवा थकून, गॅलरीत बसलेला सापडतो. अशा पक्ष्याला पाणी पाजण्याचा किंवा भरवण्याचा प्रयत्न करू नये. हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावे आणि सावरल्यावर झाडोऱ्यात सोडावे; जखमी असल्यास वनविभागाला कळवावे.

हिमालयातून खाली येणारे पक्षी हा आणखी एक गट. राखी कोतवाल, नीलांग माशीमार आणि लाल छातीचा माशीमार ऑक्टोबरमध्ये सह्याद्रीच्या जंगलात पोहोचतात. यांतला लाल छातीचा माशीमार हिमालयाच्याही पलीकडून येतो. कर्नाळा आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हे तिन्ही पाहता येतात. गावकुसाबाहेरच्या पडक्या भिंती आणि दगडांच्या ढिगांवर शेपटी थरथरवत बसणारा थिरथिराही याच महिन्यात येतो.

पाणी किती, त्यावर पक्षी किती

दख्खनच्या पठारावर मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. लोणारचे विवर हा प्रसिद्ध अपवाद. पठारावरचे बहुतेक पाणपक्षी माणसाने सिंचनासाठी अडवलेल्या पाण्यावर जगतात, आणि तिथे त्यांचा हंगाम ठरवण्यात पंचांगाइतकाच धरणातील पाण्याच्या पातळीचा वाटा असतो.

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे याचे उत्तम उदाहरण. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. पुढे जलाशयात गाळ साठत गेला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. पाणी साठवण्याच्या दृष्टीने जे नुकसान होते, त्यातूनच उथळ दलदल निर्माण झाली. 1986 मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाले. चापडगावच्या मनोऱ्यांवरून ऑक्टोबर ते मार्च या काळात थापट्या, तलवार बदक, भुवई बदक आणि चक्रांग यांचे थवे दिसतात, वरून दलदली भोवत्या घिरट्या घालतो आणि काठाच्या चिखलात टिलवे धावत असतात.

या गर्दीत प्रत्येकाला हवे असलेले पाणी वेगळे असते. टिलव्याला बोटभर पाणी आणि ओला चिखल पुरतो. थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग पृष्ठभागावर किंवा मान बुडवून खातात, त्यांना वीतभर ते हातभर पाणी सोयीचे. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारतात, म्हणून ती खोल पाण्यात दिसतात. लांब पायांच्या रोहिताला (फ्लेमिंगोला) उथळ, चिखलतळाचे पाणी लागते. धरण काठोकाठ भरलेले असताना यांतील बहुतेकांना बसायला जागाच नसते. पाणी उतरू लागले, आवर्तने सुटली, कडा उघड्या पडल्या की एकेक गट उतरतो.

भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पसरला आहे. इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळ परिसरात स्थानिक मच्छीमार होड्यांतून पक्षी दाखवतात आणि हिवाळ्यात अनेक घरांचे उत्पन्न त्यावर चालते. रोहित पाहायला दिवाळीतच गेलेल्यांची तिथे बरेचदा निराशा होते. परतीचा पाऊस लांबला आणि दिवाळीतही धरण भरलेले राहिले तर रोहितांचे मोठे थवे पाणी ओसरेपर्यंत येत नाहीत. काही वर्षी त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीची वाट पाहावी लागते. पक्षी ‘कमी झाले’ असा निष्कर्ष काढण्याआधी त्या दिवशीची पाणीपातळी पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, 1976 मध्ये अस्तित्वात आला आणि 1986 मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झाले. हा जलाशय बशीसारखा पसरट आहे. पातळी थोडी उतरली तरी मैलभर कडा उघडी पडते. त्या ओल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात आणि हरभऱ्याची कोवळी रोपे पट्टकादंबांना आवडतात. पाहुण्या पक्ष्यांचे कौतुक शहरात होत असताना त्यांचे चरणे कोणाच्या तरी शेतात चालू असते, हेही विसरून चालत नाही.

विदर्भाची गोष्ट निराळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी भातशेतीसाठी बांधलेले हजारो तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. पाणवनस्पतींनी भरलेल्या या लहान तलावांवर बदकांचे छोटे छोटे थवे विखरून राहतात.

कार्तिक-मार्गशीर्ष: हिमालय ओलांडून

नोव्हेंबरमध्ये मोठ्या पक्ष्यांचे आगमन होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. हिमालय ओलांडताना तो किती उंच जातो याविषयी दीर्घकाळ अंदाजच होते. मंगोलियात पक्ष्यांच्या शरीरात बसवलेल्या नोंदयंत्रांच्या आधारे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 7,290 मीटर ही सर्वाधिक उंची नोंदली गेली. त्याच अभ्यासातून असेही दिसले की हे पक्षी सरळ उंच जाऊन तिथेच टिकून राहत नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की खाली उतरतात. दाट हवेत उडण्याचा खर्च कमी पडतो, म्हणून पुन्हा चढावे लागले तरी ते परवडते. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला पकडते.

कांड्या करकोचे नेपाळमधील काली गंडकीच्या दरीतून हिमालय पार करतात. राजस्थानातील खीचन गाव त्यांच्यासाठी जगभर प्रसिद्ध झाले, पण काही थवे दख्खनपर्यंत येतात आणि जायकवाडी, उजनीसारख्या जलाशयांच्या काठी रात्र काढून दिवसा शेतांत चरतात. चक्रवाकांच्या जोड्याही याच सुमारास नदीपात्रातील वाळूवर दिसू लागतात.

याच महिन्यात अमूर ससाणा महाराष्ट्रावरून जातो. सायबेरिया, मंगोलिया आणि ईशान्य चीनमधून निघून हे छोटे ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड, मणिपूर आणि आसामात लाखोंनी थांबतात. 2012 मध्ये नागालँडमधील दोयांग जलाशयाजवळ त्यांची प्रचंड प्रमाणावर शिकार उघडकीस आली. पांग्तीसह परिसरातील गावांनी शिकारबंदीचा निर्णय घेतला आणि पुढच्याच वर्षी ती थांबली. नोव्हेंबर 2013 मध्ये तिथे तीन ससाण्यांना उपग्रह-संदेशक बसवण्यात आले आणि त्यांना नागा, पांग्ती व वोखा अशी नावे देण्यात आली. भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेचा किनारा गाठण्याचा त्यांचा मार्ग त्यातून कळला. ईशान्येकडून वाहणारे वारे त्यांना मदत करतात आणि याच काळात समुद्रावरून आफ्रिकेकडे जाणारे चतुर हे त्यांचे वाटेतले खाद्य असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. लोणावळा, पुणे आणि कोकणच्या आकाशात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काही वेळा त्यांचे थवे दिसतात. बहुतेकदा ते एक-दोन दिवसांत पुढे निघून गेलेले असतात.

खाडीवर

किनाऱ्यावर पक्ष्यांचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालते. शिवडी, ठाणे खाडी आणि उरणच्या पाणथळींवर ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात ऑगस्टपासूनच चिखल्या, टिलवे, कुरल आणि काळ्या शेपटीचे गॉडविट चरू लागतात. भरती चढली की त्यांना विश्रांतीसाठी कोरडी, मोकळी जागा लागते. मिठागरे आणि किनाऱ्यामागच्या उथळ पाणथळी ही गरज भागवतात. चिखल शाबूत ठेवून मागची पाणथळ बुजवली, तरी पक्ष्यांचे निम्मे घर जातेच.

नोव्हेंबरपासून छोटे आणि मोठे रोहित ठाणे खाडीत हजारोंनी जमतात. ते सायबेरियातून येत नाहीत. त्यांची भारतातील विणीची मुख्य जागा कच्छचे रण आहे. 2015 मध्ये खाडीचा पश्चिम भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सहा रोहितांना उपग्रह-संदेशक बसवले. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून निघणाऱ्या बोटींमागे येणारे कुरवही हिवाळी पाहुणेच. त्यांना गाठिया आणि वेफर्स फेकणे ही करमणूक झाली आहे, पण तळलेले खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नाही.

माळ आणि ज्वारी

पाण्यावर गर्दी असली तरी स्थलांतराचा मोठा भाग कोरड्या जमिनीवर घडतो. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळांवर ऑक्टोबरपासून माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या जमिनीलगत तरंगताना दिसतात. नाकतोडे, उंदीर आणि चंडोल हे त्यांचे भक्ष्य. संध्याकाळी ते उंच गवतात, जमिनीवरच, एकत्र जमून रात्र काढतात. नेमके हे गवत महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणून लिहिलेले असते. त्यामुळे नांगरट, झाडांची लागवड किंवा प्रकल्प यांसाठी माळ सर्वांत आधी जातो.

भोरड्यांशी शेतकऱ्याचे नाते दुहेरी आहे. रब्बीची ज्वारी दाण्यावर आली की हजारोंचे थवे कणसांवर उतरतात. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी राखण त्यांच्यासाठीच असे. हेच पक्षी टोळ आणि नाकतोडे फस्त करतात आणि माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावरीच्या फुलांवर मध पिताना परागीभवनही करतात.

नोंदींचे मोल

स्थलांतराविषयीचे ज्ञान पक्ष्यांच्या पायात कडे घालण्यापासून सुरू झाले. भारतात या कामाला मोठे बळ 1959 नंतर मिळाले. कर्नाटकातील क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू स्थलांतरी पक्ष्यांवरील गोचिडांतून आला का, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्या कड्यांवर क्रमांक आणि संस्थेचे नाव असते. असा पक्षी सापडला तर क्रमांक, जागा व तारीख कळवावी, एवढीच सापडणाऱ्याकडून अपेक्षा असते.

आज सामान्य निरीक्षकांच्या नोंदींचे महत्त्व वाढले आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2023 चा अहवाल सुमारे 30 हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. दीर्घकालीन कल ठरवता येईल एवढी माहिती 338 जातींबद्दल मिळाली आणि त्यांपैकी 204 जाती घटत असल्याचे आढळले. शिकारी पक्षी, बदके, माळरानावरचे पक्षी आणि लांबवर स्थलांतर करणाऱ्या जाती यांची स्थिती विशेष चिंतेची आहे. महाराष्ट्रात कारणे डोळ्यांसमोर आहेत. तलावांवर पसरलेली जलपर्णी, भराव घालून बुजवलेल्या पाणथळी, सांडपाणी, मासेमारीची सोडून दिलेली जाळी, उच्चदाबाच्या तारा आणि नांगरलेले माळ.

राज्यात दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिला दिवस निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या आणि शेवटचा सालिम अलींच्या जन्मदिनाचा. हा सप्ताह स्थलांतराच्या ऐन भरात येतो, पण उपयोगी नोंद एका आठवड्यात होत नाही. एकच तळे, खाडी किंवा माळ निवडून जुलैअखेरपासून डिसेंबरपर्यंत दर आठवड्याला तिथे जावे. जात, संख्या, तारीख आणि पाण्याची पातळी लिहावी. न दिसलेल्या पक्ष्यांचीही नोंद ठेवावी. थवा उडेल इतके जवळ जाऊ नये आणि आवाजाच्या ध्वनिफिती वाजवून पक्ष्यांना बोलावू नये. गावातील एका तळ्याची सलग दहा वर्षांची वही असेल, तर ते बुजवण्याचा प्रस्ताव येईल त्या दिवशी तीच सर्वांत भक्कम हरकत ठरेल.